शारजाच्या कारखान्यातली फळी

विमानतळ

दुबईला उतरले तेव्हा मला दोनच गोष्टींची भीती वाटत होती. एक सरकत्या जिन्याची आणि दुसरी खसखशीची. माझी धाकटी जाऊ अलका, तिने फोनवर पुन्हापुन्हा बजावलं होतं, "अक्का, डिंकाचे लाडू आणा, पण खसखस घालू नका. इथं ती अफूत धरतात, सरळ आत टाकतात." मी खसखशीची बरणी माळ्यावर टाकून, हात साबणाने धुऊन लाडू वळले होते. तरी एखादा दाणा पदराला चिकटून आला असेल असं विमानात सारखं वाटत होतं.

जिना मी एका अनोळखी बाईचा दंड धरून पार केला. पुढे काळ्या बुरख्यातल्या अधिकारी बाईंनी माझी बॅग उघडायला लावली. मी लाडवांच्या डब्याकडे बघत राहिले. त्यांनी डबा बाजूला सारला आणि खालचं टॉवेलात बांधलेलं गाठोडं उचललं. त्यात माझ्या महिन्याच्या घड्या होत्या. जुन्या सुती साडीच्या, स्वच्छ धुतलेल्या.

"ये क्या है?" त्यांनी हिंदीत विचारलं. शेजारी दोन पुरुष अधिकारी उभे, मागे रांग. माझं तोंडच उघडेना. चोरी केल्यासारखी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी एक घडी उलगडली, माझ्याकडे पाहिलं, आणि एकाएकी सगळं भराभर बांधून लाडवांच्या खाली स्वतःच्या हाताने दाबून ठेवलं. "खलास, यल्ला," म्हणाल्या. दोन्ही शब्द तेव्हा मला माहीत नव्हते, पण झालं, आता निघा, एवढं कळलं.

मी मिरजेजवळच्या एका गावची. शिक्षण चौथीपर्यंत. आमची पिठाची गिरणी आहे, तिथं बसते, पण गिऱ्हाइकाशी बोलतानाही माझी नजर काट्यावर असते. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. हे लिहितेय तेही ट्रंकेत ठेवायलाच. पण आमच्या गल्लीतल्या बायकांच्या हाती कधी पडलं तर त्यांना नीट समजावं, म्हणून सविस्तर लिहिते.

अजमान

माझे धाकटे दीर दिनकरभाऊजी अजमानला राहतात. दुबई-शारजाला कामाला जाणाऱ्यांना इथलं भाडं परवडतं. सकाळी रस्ते गाड्यांनी भरतात आणि मग दिवसभर नुसती मांजरं आणि ऊन. भाऊजींचं घर पहिल्या मजल्यावर आणि खाली त्यांचा भटारखाना. शारजाच्या औद्योगिक भागातल्या गॅरेजांना आणि एका कपड्यांच्या कारखान्याला ते दुपारचं जेवण पुरवतात. अलकाचे दिवस भरत आले होते, तिला माहेरचं कुणी नाही, म्हणून मी दोन महिन्यांच्या व्हिसावर बाळंतपणाला आले होते.

भटारखाना पाहून मी थक्क झाले. आमच्या गावजेवणाला लागतात तेवढी पातेली इथं रोज चढतात. केरळच्या लोकांना उकड्या तांदळाचा भात, पंजाबी मेकॅनिकांना राजमा, आणि सगळ्यांबरोबर खुबूस, म्हणजे इथली मोठी मऊ भाकरीसारखी रोटी, जी दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मीठ कमी पडलं तर कोण काय म्हणत नाही. पण सांबारात नारळ कमी पडला की ऑफिसात फोन." मी कांदा-लसूण मसाला नेला होता. पहिल्या दिवशी चमचाभर आमटीत टाकला, तर पाच वर्षांची पुतणी पिंकी जीभ बाहेर काढून घरभर पळाली. "काकू, इट्स फायर! इट्स फायर!" मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत सांगायची, आणि आमचं चाललं होतं छान.

समुद्र घरापासून चालत जाण्याजोगा. रत्नागिरीला एकदा समुद्र पाहिला होता, तो अंगावर धावून येतो. हा ताटात पाणी ओतून ठेवल्यासारखा निवांत. एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही किनाऱ्यावर गेलो. अरबी बायका सतरंज्या टाकून, थर्मासमधून चहा ओतून घेत, पोरांना ओरडत बसल्या होत्या. ओरडण्याचा सूर अगदी आपल्याकडचाच. परत येताना मला फार तहान लागली. एका मशिदीच्या भिंतीला गार पाण्याचा स्टीलचा कूलर होता, नळाला पेला साखळीने बांधलेला.

"भाऊजी, कुणाला विचारू?"

"विचारायचं काय त्यात? कुणीतरी पुण्य लागावं म्हणून लावलाय. प्या."

मी तरी इकडेतिकडे बघूनच प्याले.

मग मला अडचण आली. गावाकडे मी चार दिवस बाहेरच्या सोप्यात बसते, चुलीला शिवत नाही. अलकाला हळूच सांगितलं, "मी बाजूला आहे." ती पोट धरून हसली.

"अक्का, इथं बाजू कुठली? सोफ्यावर मी, बेडरूममध्ये पिंकी, गॅलरीत गॅसच्या टाक्या. आणि तुम्ही बसलात तर पोळ्या कोण लाटणार, मी ह्या पोटानं?"

मी घाबरत घाबरत लाटायला बसले. पोळ्या रोजच्यासारख्याच फुगल्या. मात्र घड्या वाळवायच्या कुठं? समोरच्या इमारतीत गॅलरीभर सडे पुरुष. अलका मला दुकानात घेऊन गेली. एक आख्खी रांग नुसत्या पॅडची. आपल्याकडे दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून, आजूबाजूला बघत देतो. इथं बायका आरामात उचलून, दोन पाकिटं हातात तोलून बघत होत्या. मी किंमत विचारली.

"सहा दिरहम. म्हणजे आपले पासष्ट एक रुपये."

"ठेव परत."

"अक्का!" अलकाने पाकीट टोपलीत टाकलं. "दिरहमचे रुपये करायला लागलं की इथं माणूस उपाशी मरतो."

कारखाना

वाढायला जाणारा भाऊजींचा माणूस सुट्टीवर गेला, तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, कपड्याच्या कारखान्यात सगळ्या बायकाच आहेत. चलता का वाढायला? घर ते भटारखाना करून कंटाळाल." मी नको नको म्हणत व्हॅनमध्ये बसले.

शारजाचा तो भाग म्हणजे मैलोन् मैल गॅरेजं, वर्कशॉपं, पत्र्याची गोदामं. झाड औषधाला नाही. कारखान्यात मात्र रंगच रंग. एका हॉलमध्ये शेकडो मशिनींची घरघर, टी-शर्टांचे ढीग, आणि कापण्याच्या टेबलांखाली चिंध्यांचे डोंगर. बायका श्रीलंकेच्या, बांगलादेशच्या, आंध्रच्या. कंपनीच्या खोल्यांत राहायच्या, कंपनीच्या बसने यायच्या. पलीकडच्या शेडमध्ये जेवण.

शेंगदाण्याची चटणी मी अजमानच्या घरी कुटून नेली होती. रांगेतली एक सावळी, लांब वेणीची मुलगी ताट पुढे करून थबकली.

"ही कुणी कुटली?"

मराठी ऐकून मी मान वर केली. "मी."

"मिक्सरवर केली न्हाई. उखळाची हाय." तिने तिथंच चाटून पाहिली. "आमच्या सोलापूरची सर न्हाई हिला, पण चालंल."

"चालंल म्हणून एवढी घेतलीस?"

"लांबची हाय म्हणून माफ केलं," म्हणाली आणि आणखी एक चमचा घेतला.

ही सविता. सोलापूरला शाळेचे गणवेश शिवायची, एजंटामार्फत इकडे आली. घरी दोन धाकट्या बहिणी, आई विडीच्या कामाला. दोन वर्षांचा करार, त्यातलं एक वर्ष संपलं होतं. "आजून एक वर्स काढलं की धाकटीचं डीएड व्हतंय. मग मी मोकळी," ती म्हणायची. मी रोज जायला लागले. ती रोज चटणीला नावं ठेवायची आणि रोज दोनदा घ्यायची.

कारखान्याचा एक कडक नियम होता. कापडाचा तुकडासुद्धा हॉलबाहेर न्यायचा नाही. मागे कुणीतरी शर्ट चोरले होते, तेव्हापासून हॉलच्या दारात वॉचमन बसायचा. सापडली तर व्हिसा रद्द, घरी रवानगी.

एका दुपारी मी भाताचं पातेलं उघडलं आणि दारात आरडाओरडा झाला. वॉचमनने सविताला धरलं होतं. तिच्या कमरेला खोचलेल्या चिंधीचं टोक कुडत्याखालून लोंबत होतं. टाइमकीपर कुट्टन धावत आला. काचेच्या केबिनमधून मॅनेजर मेहतासाहेब आले.

"निकालो," साहेब म्हणाले.

सविताने ओढून काढलं. पांढऱ्या होजिअरी कापडाच्या पट्ट्या, एकावर एक नीट घड्या घातलेल्या.

"क्यों लिया?"

ती गप्प. पुरुष तिघे, मागे सगळ्या बायका. तिचे कान लाल झाले होते.

"बेचती है? किसको देती है बाहर?"

साहेब कुट्टनला म्हणाले, "इसका पासपोर्ट निकालो. कॅन्सल."

सविताने मान वर केली, ओठ हलले, पण शब्द आला नाही. मला तो न येणारा शब्द चांगला माहीत होता. विमानतळावर मी तशीच उभी होते. तिथं समोर बाई होती म्हणून सुटले. हिच्यासमोर बाई नव्हती.

मी कशी निघाले मला आठवत नाही. हातात डाव होता, त्यातून आमटी गळत होती, एवढं आठवतं. मागून भाऊजी दबक्या आवाजात म्हणत होते, "वहिनी, वहिनी, आपलं काम न्हाई ते!"

"साब," मी म्हणाले. माझी हिंदी म्हणजे गिरणीवर येणाऱ्या भंगारवाल्याशी बोलण्यापुरती. "साब, वो चोर नई है. उसको महिने का आया है. औरत का जो आता है, वो. कपडा उसके वास्ते लिया."

कुट्टन भिंतीकडे बघायला लागला. वॉचमनने हातातल्या पट्ट्या जमिनीवर टाकल्या, विंचू हातात आल्यासारख्या. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"तो... तो बाजार से क्यों नहीं लेती?"

तेवढ्यात नंदा पुढे आली. ही श्रीलंकेची, तयार कपडे तपासायची. एक टाका वाकडा दिसला तर शर्ट परत फेकायची, म्हणून सगळ्या तिला टरकून असायच्या. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "सर, बस बाजार जाती फ्रायडे. वो भी दो हफ्ते में एक बार. पास वाली दुकान में सब आदमी, वो रखता ही नहीं. रखे तो महँगा. सब लड़की ये कपड़ा लेती है, सर." आणि वर म्हणाली, "मैं भी लेती."

मागून कुणीतरी हसलं, आणि मग बांगला, तेलुगू, सिंहली असा एकदम गलका उठला. शब्द कळले नाहीत, पण सगळ्या हो म्हणत होत्या हे कळलं.

साहेब म्हणाले, "ठीक है, ठीक है. खाना खाओ." जाताना सवितासमोर थांबले. "लास्ट वॉर्निंग. फर्स्ट एड बॉक्स में मँगवा देता हूँ. उसके बाद एक टुकड़ा भी मिला, किसी के पास भी, तो पहले तुम जाओगी."

भाऊजींनी व्हॅन मोठ्या रस्त्याला लावली. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही ह्या बाबतीत साहेबांशी बोललात. पुरुषमाणसाशी."

"हो."

"कंत्राट गेलं असतं आपलं."

"हो."

"गावाकडं दादाला सांगू का नको?"

"सांगा. त्यांना खरं वाटायचं नाही."

भाऊजी एकदम हसत सुटले.

दवाखाना

मला वाटलं प्रश्न मिटला. पण पुढचे दिवस मी रोज पाहत होते. कुट्टनच्या टेबलावर औषधाच्या पेटीशेजारी पॅडच्या पाकिटांचा खोका आला होता आणि तो तसाच भरलेला होता. साहेब मला पाहून म्हणालेही, "देखा बहनजी? किसी को ज़रूरत नहीं थी."

मी सविताला बाजूला घेतलं. "का गं घेत नाही?"

"अक्का, आयोडीन घेतलं तरी कुट्टन नाव लिहून सही घेतोय. आन् ह्याची सही करू? दिवसभर तितंच बसतोय त्यो, समोर चार ड्रायवर चा पीत. त्यापेक्षा घरी पाठवू दे मला."

"मग आता काय वापरतेस?"

तिने कुडता कमरेवर नीट ओढून घेतला. मी समजले, ती अजून पट्ट्याच नेत होती. तिच्या बहिणीचं डीएड त्या पट्ट्यांवर टांगलेलं होतं.

त्याच आठवड्यात अलकाला कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखाना, पण आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलसारखा चकचकीत. मुलगा झाला. बाळाला पाहून भाऊजी रडले आणि मग नर्सला पेढे द्यायला धावले. ती म्हणाली, "नो स्वीट, डाएट," आणि दोन खाल्ले.

अलकाच्या शेजारच्या खाटेवर बांगलादेशी शिंप्याची बायको होती. पलीकडे एक अरब बाई, तिच्याकडे फुलं, खजूर, अत्तराचा घमघमाट. संध्याकाळी नर्स गाडी ढकलत आली आणि प्रत्येक खाटेजवळचा खण उघडून त्यात पॅड भरून पुढे गेली. अरब बाईच्या खणात जेवढे, शिंप्याच्या बायकोच्या खणात तेवढेच, अलकाच्याही तेवढेच. तिने कुणाला विचारलं नाही आणि कुणी तिच्याकडे मागितलं नाही.

मी अलकाला म्हणाले, "किती लागतील हे पण विचारलं नाही तिनं."

"त्यात काय विचारायचं? संपले की भरते."

मी त्या खणाकडे पाहत बसले. हक्क हा शब्द मी गावात पंचायतीच्या बायकांच्या बैठकीत ऐकला होता. घरावर हक्क, सातबाऱ्यावर हक्क. तेव्हा वाटलं होतं, हक्क म्हणजे कोर्टात जाऊन भांडून आणायची वस्तू. त्या संध्याकाळी मला निराळंच दिसलं. जे मागायला तोंड उघडावं लागत नाही, ते आपल्या हक्काचं. जे मागताना मान खाली जाते, ते पदरात पडलं तरी भीकच. कारखान्यात साहेबांनी पाकिटं दिली होती, पण ती मागायला लावली होती. सगळी चूक तिथं होती.

केबिन

मी साहेबांना भेटायचं म्हटलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "पुन्हा? वहिनी, ह्या देशात असलं बोलायचं नसतं. नोकरी जाते म्हणजे खलास, विमानातच बसवतात."

"माझी नोकरीच नाही. मला काय बसवतील, तिकीट तर तुम्ही काढलंयच परतीचं."

"तुम्ही अलकाच्या संगतीनं बिघडलात."

मी केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. साहेबांनी आत बोलावलं, खुर्ची दिली. मी बसले नाही. बसले असते तर उठून पळाले असते. नंदाला मी सोबत घेतलं होतं.

"साब, वो पाकिट कुट्टनभाई के टेबल से हटाव. औरतों के संडास में फळी मारो, उधर रखो."

"वहाँ? कोई हिसाब नहीं रहेगा. सब उठाकर ले जाएँगी."

"लेके क्या करेंगी साब? एक को दो बार थोडी आता है महिने में?"

नंदाने तोंडावर हात धरला. साहेब खोकले.

"बहनजी, मैंने मेहरबानी की न? कंपनी के रूल में कहीं नहीं लिखा कि ये देना है."

मी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात कारखान्याचा पाण्याचा कूलर होता, आणि एक ड्रायव्हर घटाघटा पाणी पीत होता.

"साब, वो पानी रूल में लिखा है?"

"पानी तो देना ही पड़ता है. इतनी गर्मी में आदमी काम कैसे करेगा?"

"उधर कोई नाम लिखता है? कुट्टनभाई पूछता है, तेरे को प्यास क्यों लगी, सही कर?"

साहेबांनी बाहेर पाहिलं. ड्रायव्हरने पेला विसळला, तोंड पुसलं आणि गेला.

"गर्मी सबको होती है," ते म्हणाले.

"ये भी सबको होता है साब. आधी दुनिया को होता है, और इधर तो सब औरतें ही हैं. वो काम कैसे करेंगी?"

त्यांनी टेबलावरच्या पेन्सिलने कॅलेंडरवर खूण केली. मग नंदाला म्हणाले, "एक महीना. फळी लगाओ. लेकिन एक महीने में हॉल से एक चिंधी भी बाहर गई, तो फळी बंद और वो सोलापुरवाली घर. बोलो."

नंदा म्हणाली, "यस सर." मी नुसती मान हलवली.

फळी

फळी कारखान्याच्या सुताराने मारली. नंदाने तिच्यावर पाकिटं शिवणीच्या टाक्यांसारखी एका ओळीत लावली आणि सविताला म्हणाली, "तू देख. कम हो तो बोल." पहिल्या दिवशी कुणी हात लावला नाही. सगळ्या आत जायच्या, बघून यायच्या. दुसऱ्या दिवशी आंध्रची एक म्हातारी बाई, जिला आता काही लागतच नव्हतं, तिने मुद्दाम एक पाकीट उचललं, सगळ्यांना दाखवलं आणि रांगेतल्या सगळ्यात लाजाळू पोरीच्या हातात कोंबलं. हशा झाला. संध्याकाळपर्यंत ओळ अर्धी झाली होती.

तो महिना मी बाळाला न्हाऊ घालत, अलकाला अळीव खाऊ घालत काढला, पण दुपारी व्हॅनमध्ये बसायची ते बसायचीच. व्हॅन वळली की माझी नजर आधी दाराकडे. वॉचमन शांत बसलेला दिसला की मगच मी पातेली उतरवायची. एकदा तो उभा राहून कुणाची तरी पिशवी बघत होता, तेव्हा माझ्या हातातून सांबाराचं झाकण सुटलं. निघाला तो कुणाचा तरी जेवणाचा डबा. वॉचमन म्हणाला, "अम्मा, आप क्यों डरती? अब इधर कुछ नहीं मिलता. मैं तो बोर हो गया."

बायकाही पहारा ठेवून होत्या. नवी आलेली एक बांगलादेशी पोरगी, तिला काही माहीत नव्हतं, तिने टेबलाखालची चिंधी उचलली, तर तीन भाषांत तिला एकदम ओरडा बसला आणि चौघीजणी तिला धरून फळीकडे घेऊन गेल्या. ती घाबरून रडायलाच लागली. मग हसायला लागली.

महिना भरला त्या दिवशी साहेब शेडमध्ये आले. माझ्या परतीला थोडेच दिवस उरले होते. नंदाने सांगितलं, एकही चिंधी नाही. साहेब म्हणाले, "हूँ." मग माझ्याकडे वळून, "बहनजी, वो रहेगी फळी." आणि खास काही बोलले नाहीत असं दाखवत ताट घेऊन रांगेत उभे राहिले. मी त्यांना चटणी वाढली. जरा जास्तच.

सविता आली. मी म्हटलं, "ऐकलंस का?"

"ऐकलं. आज चटणीत मीठ जास्त हाय."

"तुझे डोळे का भरलेत मग?"

"मिठानं," म्हणाली, आणि ताट घेऊन बसली नाही, तशीच उभी राहून मला चिकटली. भाताचा डाव माझ्या हातात होता, तो तिच्या पाठीवरून तसाच धरून ठेवला.

आणि मग माझा शेवटचा दिवस आला. जेवणं उरकली होती, बायका हॉलमध्ये परत गेल्या होत्या, मी आणि भाऊजी पातेली उचलून हॉलच्या दारावरून व्हॅनकडे निघालो होतो. मशिनींची घरघर पुन्हा सुरू झाली. आणि त्या आवाजावर चढून, हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा सविताचा आवाज आला.

"ओ कुट्टनभाई! पॅड खलास! दुसरा खोका लाव!"

माझ्या हातातलं पातेलं तिथंच थांबलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हर चहा पीत होते, ते चहा पीत राहिले. साहेब केबिनच्या दारात कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी मान वळवली आणि वैतागून ओरडले, "कुट्टन! सुना नहीं क्या? यल्ला, जल्दी!"

"आया साब, आया!" कुट्टन खांद्यावर खोका घेऊन हॉलमधून धावत निघाला. बायकांनी खुर्च्या पुढे ओढून त्याला वाट दिली. एकीचंही मशीन थांबलं नाही.